मांजराच्या पिलाची शाळा

आपल्या भाषेने मांजराची अब्रू फारशी शिल्लक ठेवलेली नाही. उंदराला मांजर साक्ष, मांजर डोळे मिटून दूध पिते, मांजर आडवे गेले, अशा म्हणी-समजुतींतून मांजर आपल्याला भेटते ते ढोंगी, चोरटे आणि अपशकुनी म्हणून. 'हितोपदेशा'तील दीर्घकर्ण नावाचा बोका तर तपस्व्याचे सोंग घेऊन जरद्गव या आंधळ्या गिधाडाचा विश्वास संपादन करतो आणि झाडावरील पाखरांची पिले फस्त करतो. दुसऱ्या बाजूने पाहावे तर षष्ठीदेवीचे वाहन मांजरच. आणि हातून मांजर मेले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, असे माझी आजी आजही सांगते. थोडक्यात, मांजराला नावे ठेवावीत पण मारू नये, एवढी शिकवण आपल्याला परंपरेने दिली आहे. परंतु एखादे पिलू खरोखरच घरात येऊन पडले तर त्याला खायला काय घालावे, ते इतक्या खोड्या का करते आणि त्या खोड्यांचे आपण काय करावे, हे कोणी सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरावर तो प्रसंग आला. तेव्हापासून जे वाचले, जे पाहिले आणि जे चुकले, ते येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. आई घरी फाटकी पोती शिवते. आठवड्यातून दोनदा बारदानाचा गठ्ठा घरी येतो. आई दाभण आणि सुतळी घेऊन बसते आणि शिवलेली पोती मोजून परत जातात. श्रावणातल्या एका संध्याकाळी असाच गठ्ठा सोडला, तेव्हा त्यातल्या एका पोत्याचे तोंड बांधलेले निघाले आणि पोते हलत होते. आईला वाटले, घूस असेल. वडिलांनी विळ्याने दोरी कापली. आत एक पिलू होते. तपकिरी अंगावर काळे पट्टे, चिपडांनी चिकटलेले डोळे आणि अंगाच्या मानाने फारच मोठा आवाज.

आई पिलाकडे न पाहता हातातली कापलेली दोरी निरखीत होती. "ही गाठ हमालाची नाही," ती म्हणाली. "हमाल पोतं बांधतो ते परत सोडायला."

तरीसुद्धा पिलाला ठेवून घेण्यास तिची तयारी नव्हती. "दोन दिवस ठेवा, मग आवारात सोडून या," असा निकाल तिने दिला. गोणीतून आले म्हणून वडिलांनी त्याचे नाव 'गोणी' ठेवले. आजी मात्र पहिल्या दिवसापासून तिला 'मनी' म्हणते. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी असे दाखवून दिले आहे की, पाळलेली मांजरे इतर शब्दांमधून आपले नाव ओळखू शकतात. आमच्या मांजराला दोन्ही नावे समजतात. मात्र हाकेला उत्तर द्यायचे की नाही, हे ती स्वतः ठरविते.

येथेच पहिला प्रश्न येतो. रस्त्यावर एकटे पिलू दिसले की ते उचलून आणावे काय? मांजर पिलांना सात घरे फिरविते, असे आपण म्हणतो. सातचा आकडा सोडला तरी ही समजूत खरी आहे. धोका वाटला की मांजरी आपली पिले एकेक करून दुसरीकडे हलविते, आणि त्या धावपळीत एखादे पिलू काही तास एकटे राहते. ती मानगुटीला धरून पिलाला उचलते तेव्हा पिलू अंग मुडपून अगदी निश्चल होते. वैष्णव आचार्यांच्या 'मार्जारन्याया'त भक्ताची जी अवस्था वर्णिली आहे, ती हीच. माकडाचे पोर आईला स्वतः घट्ट धरते, मांजराचे पिलू काहीच करीत नाही, सारा भार आईवर. म्हणून स्वच्छ आणि शांत पडलेले पिलू दिसले तर लांबूनच काही तास वाट पाहावी. बहुधा त्याची आई परत येते. पिलू गारठलेले असेल, जखमी असेल किंवा सारखे ओरडत असेल तर मात्र थांबू नये. आमच्या गोणीच्या बाबतीत वाट पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पोत्याला गाठ मारणाऱ्याने तिचे सातवे घरही काढून घेतले होते.

तिचे वय काढताना आमची थोडी करमणूक झाली. मांजराचे पिलू जन्मतः आंधळे असते; सात ते दहा दिवसांनी, क्वचित थोडे उशिरा, डोळे उघडतात आणि ते सुरुवातीला निळे असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात दिसू लागतात. एकंदर दुधाचे दात २६, पुढे सहा महिन्यांपर्यंत ते पडून कायमचे ३० येतात. वजन पहिल्या काही महिन्यांत दरमहा साधारण साडेचारशे ग्रॅम या हिशेबाने वाढते. वडील तिला सदऱ्याच्या खिशात घालून आवारात घेऊन गेले, पण जिथे क्विंटलचा हिशेब चालतो त्या काट्यावर तिचे वजन उमटलेच नाही. शेवटी किराणा दुकानात ते साडेतीनशे ग्रॅम भरले. दात आणि डोळे पाहता ती पाच-सहा आठवड्यांची होती, म्हणजे वजन सहाशेच्या आसपास हवे होते. ती उपाशी होती, एवढाच याचा अर्थ.

उपाशी पिलाला काय द्यायचे? यावर घरात दुमत नव्हते. आजीने म्हशीचे दूध वाटीत ओतले. गोणीने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि दुसऱ्या दिवशी तिला हगवण लागली. तिसऱ्या दिवशी तिला मान उचलवेना. मांजराचे आणि दुधाचे नाते आपल्या मनात इतके पक्के आहे की दूध हेच कारण असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही. उलट अशक्तपणा म्हणून दूध वाढविले. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "दूध पाजलंत?"

त्याचे कारण असे. दुधात दुग्धशर्करा असते. ती पचविण्यासाठी जो पाचक रस लागतो, तो पिलू आईचे दूध सोडू लागले की त्याच्या आतड्यात कमी कमी होत जातो. शिवाय गाई-म्हशींचे दूध आणि मांजरीचे दूध यांच्या घटकांत पुष्कळ फरक आहे. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. मोठ्या मांजराला थोडे दूध सोसतेही. पण साडेतीनशे ग्रॅमच्या पिलाच्या अंगात पाणी ते किती! एका दिवसाचे जुलाबही त्याच्या जिवावर बेततात. अगदी तान्ह्या पिलाला मांजराच्या पिलांसाठीच तयार केलेली दुधाची भुकटी द्यावी लागते. चार आठवड्यांच्या पुढच्या पिलाला मऊ अन्न चालू करता येते.

आणि हे अन्न म्हणजे मांसच. मांजर मांसाहारी आहे ते आवडीने नव्हे, नाइलाजाने. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसे तयार करता येत नाही. ते मांसातून आणि माशांतूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ मध्ये आणि हृदय निकामी होते, हे १९८७ मध्ये संशोधनातून स्पष्ट झाले. २००५ मध्ये आणखी एक मौज उघडकीस आली. गोड चव ओळखण्यासाठी लागणाऱ्या जनुकांपैकी एक मांजराच्या वंशात निकामी झालेले आहे. म्हणजे मांजराला साखरेची गोडी कळतच नाही. दूध ते पिते ते त्यातल्या स्निग्धांशासाठी.

आता प्रश्न पैशाचा. "आपल्या ताटात अंडं आठवड्यातून एकदा, आणि मांजराला रोज?" हा आईचा प्रश्न अगदी रास्त होता. त्यातून वाट निघाली ती अशी. कोंबडीच्या दुकानात दुकानदार काळीज, हृदय आणि मांसाचे तुकडे अगदी थोड्या पैशांत देतो. ते मीठ-मसाल्याशिवाय उकडून, हाडे काढून द्यावेत आणि उकडलेले पाणीही टाकू नये, कारण टॉरिन पाण्यात उतरते. काळीज मात्र थोडेच असावे. भात किंवा भाकरी त्यात मिसळली तरी चालते, पण निव्वळ दूध-भाकरीवर मांजर निरोगी राहत नाही. कांदा-लसणाची फोडणी असलेले काहीही देऊ नये. त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. आणि ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नये. एवढीशी गोळी मांजराचा प्राण घेते.

दोन दिवसांचे दहा दिवस झाले. गोणी उभी राहिली, आणि तिच्या खोड्यांना सुरुवात झाली.

पहिल्या महिन्याची यादी देते. आजीच्या जपमाळेचे मणी पलंगाखाली. शिवलेल्या पोत्यांच्या थप्पीवरून रात्री साडेतीन वाजता उड्या. माझ्या वहीच्या पानावर पाऊल ठेवून नेमका लिहीत असलेला शब्द झाकणे. चालणाऱ्याच्या पायावर दाराआडून झेप. आईचे म्हणणे असे की, हे मांजर नाही, मागच्या जन्मीचा सावकार आहे. मीही तिला हट्टी आणि व्रात्य समजत होते. पुढे वाचल्यावर ध्यानात आले की या यादीत 'खोडी' अशी एकही नाही. यातले प्रत्येक कृत्य हा शिकारीचा एकेक धडा आहे.

मांजराचा माणसाशी संबंध आला तोच मुळी शिकारीतून. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले, ही गोष्ट २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या बेटावर मुळात रानमांजरे नव्हती, तेव्हा ते कोणी तरी नावेतून नेलेले असले पाहिजे. आणि आजची सर्व पाळीव मांजरे आफ्रिकी रानमांजराच्या वंशातील आहेत, हे २००७ मध्ये जनुकांच्या तपासणीवरून सिद्ध झाले. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्याला उंदीर आले आणि उंदरांच्या मागे मांजर आले. कुत्र्याप्रमाणे त्याला माणसाने कामाला लावले नाही. ते आपल्या कामासाठी आले आणि राहिले. धान्याच्या पोत्यातून आमच्या घरी आलेली गोणी एका अर्थाने आपल्या पूर्वजांच्याच वाटेने आली.

दबा धरणे, झेप घालणे, पंजाने उडविणे, मागचे पाय झाडणे, ही सर्व शिकारीची अंगे आहेत. पिलू ती भावंडांवर घोटून घेते. एक दुसऱ्याला जोरात चावले की दुसरे ओरडते आणि खेळ सोडून जाते. त्यातून चावण्याची मर्यादा कळते. एकट्या पिलाला भावंडे नसतात, म्हणून ते आपल्या पायांवर झेप घेते. पहाटेचा गोंधळही असाच. संधिप्रकाश ही उंदरांची वेळ, म्हणून तीच मांजराची. आणि पोती ओरबाडणे म्हणजे नख्यांवरचे जुने कवच काढणे आणि आपला गंध तेथे ठेवणे.

परंतु मला खरा विचार करायला लावला तो फडताळाने. आमच्या भिंतीतील फडताळाला कडी नाही. एका खिळ्यावर फिरणारी लाकडी पट्टी आहे. ती उभी केली की दार उघडते. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे गोणी चार महिन्यांची असताना, आत ठेवलेले सुके बोंबील नाहीसे होऊ लागले. आम्ही पाळत ठेवली. गोणी खालच्या डब्यावर चढली, दाराला नाक लावले, फटीत पंजा घातला, दार ओरबाडले, आणि असे बरेच काही करता करता पंजा पट्टीला लागला. पट्टी फिरली, दार उघडले. माझ्या धाकट्या बहिणीने दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवर वेळ मोजायला सुरुवात केली. पहिल्या नोंदीत दहा मिनिटांच्या वर, आठवड्याने दोन मिनिटे, आणि पंधरवड्यानंतर गोणी फडताळाशी येऊन इकडे तिकडे न करता सरळ पट्टीलाच हात घालू लागली.

मानसशास्त्र विषय असलेल्या माझ्या वर्गमित्रांना एव्हाना एक नाव आठवले असेल. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये नेमका हाच प्रयोग केला होता. भुकेल्या मांजराला तो लाकडी पट्ट्यांच्या पेटीत कोंडी आणि बाहेर मासा ठेवी. पेटीतील दोरी ओढली किंवा खिटी फिरविली की दार उघडे. मांजर आधी वाटेल तशी धडपड करी, केव्हा तरी योगायोगाने सुटे. पुढच्या खेपेस थोडे लवकर, त्याच्या पुढे आणखी लवकर. वेळ एकदम न घटता हळूहळू घटत जातो, यावरून त्याने म्हटले की मांजराला पेटीची युक्ती 'सुचत' नाही. ज्या कृतीने समाधान मिळाले ती ठसते, बाकीच्या गळून पडतात. हेच प्रयत्न-प्रमाद अध्ययन आणि हाच परिणामाचा नियम. परीक्षेसाठी ही टीप मी पाठ केली होती. तिचा अर्थ मला कळला तो बोंबील गेल्यावर.

मात्र थॉर्नडाइकचे एक मत पुढे टिकले नाही. दुसऱ्याचे पाहून मांजर शिकते, याला त्याला पुरावा मिळाला नव्हता. १९६९ मध्ये फिलिस चेस्लर या संशोधिकेने काही पिलांना त्यांची आई खटका दाबून अन्न मिळविताना पाहू दिले, काहींना परकी मांजरी तेच करताना पाहू दिले आणि काहींना काहीच न दाखविता स्वतःच्या धडपडीवर सोडले. आईचे पाहणारी पिले सर्वांत लवकर शिकली, परकीचे पाहणारी त्यांच्या मागून. ज्यांना कोणीच दाखविले नाही त्यांना ते जमलेच नाही. मांजरी आधी मेलेला उंदीर आणते, मग अर्धमेला, मग जिवंत, आणि पिलांसमोर सोडते. ती त्यांची शाळाच असते.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रवेशाचा अर्ज भरताना, ग्रंथालयात पुस्तक मागताना, प्राध्यापकांना शंका विचारताना मी कोणाला घरी पाहिले नव्हते. माझे पहिले वर्ष प्रयत्न आणि प्रमाद यांतच गेले, आणि त्यात प्रमादच जास्त. त्यानंतर गोणीच्या धडपडीला हसणे मला जमेना. तिच्याही पुढे दाखवायला कोणी नव्हते; फक्त आम्ही होतो. आणि खरे सांगायचे तर ती आम्हालाच पाहत होती. पोत्यांच्या थप्पीवर बसून ती दिवसभर आईचे हात पाहत असे, आणि आई दिवसातून वीस वेळा ती पट्टी फिरवीत असे.

यातून निघणारा व्यवहार सोपा आहे. पिलाला खोडीबद्दल मारू नये. मार कशासाठी, हे त्याला कळत नाही. कळते ते एवढेच की या माणसाच्या हाताला भ्यायचे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या काळात माणसाचा हात प्रेमाने लागलेले पिलू जन्मभर माणसाळलेले राहते, आणि तोच काळ भीतीत गेला तर ते पुढेही दूरच राहते. दुसरे असे की परिणामाचा नियम आपल्यालाही लागू आहे. पहाटे ओरडल्यावर उठून खायला दिले की आपण ओरडणे शिकविले. पायावर झेप घेतल्यावर हसून पाय हलविला की झेप शिकविली. आमच्या गोणीच्या निम्म्या खोड्यांचे शिक्षक आम्हीच होतो. म्हणून हाताने किंवा पायाने खेळू नये. काठीला चिंधी बांधून खेळवावे. झोपण्यापूर्वी असे खेळवून मग खाऊ घातले तर पहाटेचा दंगा कमी होतो. ओरबाडायला एका फळीवर जुने पोते ठोकून द्यावे. मोकळ्या मातीची उथळ पाटी कोपऱ्यात ठेवली तर उकरून पुरण्याच्या उपजत सवयीमुळे पिलू दोन-तीन दिवसांत ती वापरू लागते. पाटी रोज साफ ठेवणे एवढेच आपले काम. आणि फडताळाला कडी बसवावी. आम्ही बसविली.

आता ज्या दिवसामुळे हा लेख लिहिला, तो दिवस सांगते.

पहिल्या सत्राची परीक्षा जवळ आली होती. संध्याकाळी गोणी विचित्र वागू लागली. मान ताणून घास गिळल्यासारखे करी, लाळ गाळी. जवळ घेऊन पाहते तो तोंडाच्या कडेने बोटभर सुतळी लोंबत होती. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. मांस खरवडायला आणि अंग विंचरायला ते उपयोगी, पण जिभेला अडकलेला दोरा त्यामुळे थुंकता येत नाही. तो आतच जातो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी सुतळीचे टोक चिमटीत धरले.

"ओढू नको!" आईने माझे मनगट धरले. "दोऱ्याचं एक टोक अडकलेलं असताना दुसरं ओढलं की कापड चुरगळतं. आतून फाटेल ती."

दवाखाना बंद होण्याच्या बेतात होता. डॉक्टरांनी तिला गुंगीचे औषध देऊन जीभ उचलली. सुतळीचा वेढा जिभेच्या मुळाशी बसला होता आणि दुसरे टोक घशात उतरले होते. सुदैवाने फार खाली गेले नव्हते. वेढा कापून त्यांनी ती सोडवली आणि मग मला समजावून सांगितले. अशा वेळी दोरा आतड्यात उतरला की आतडे त्याच्यावर चुण्या पडून गोळा होते आणि ओढल्यास दोरा त्याला करवतीसारखा कापतो. म्हणून दोरा कधीही ओढायचा नाही, तसेच दवाखान्यात आणायचे. आईने एक अक्षर न वाचता तासाभरापूर्वी मला हेच सांगितले होते. चाळीस वर्षांच्या शिवणाने तिला जे शिकविले, ते मला कोणत्याही पुस्तकात वेळेवर सापडले नसते. दूध पुस्तकाने सोडविले, सुतळी आईने. तेव्हापासून काम संपले की सुतळीचा गुंडा पत्र्याच्या डब्यात जातो. सुई-दोरा, लोकर, रबर, माळेचा धागा असलेल्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे.

शेवटी तीन गोष्टी, ज्यांविषयी आळस करून चालणार नाही. पहिली लसीकरण. पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी. इतर रोगांची लस त्याआधीही सुरू होते. दुसरी आपली काळजी. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजराच्या चाव्यातून आणि ओरखड्यातूनही होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. म्हणून मांजराने चावा घेतला किंवा रक्त येईल असे ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावीत बसू नये. पाश्चर यांनी ही लस १८८५ मध्ये माणसाला प्रथम दिली. इतक्या वर्षांनंतर ती न घेता जीव गमावण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट नसबंदी. मांजरी पाच-सहा महिन्यांची, कधी त्याहूनही लहान असताना गाभण राहू शकते. सुमारे नऊ आठवड्यांत विते, एका वेतात साधारण चार पिले होतात, आणि वर्षातून दोन-तीन वेळा वेत होऊ शकते. घर भरते, शेजारी कुरकुरतात, आणि मग कोणी तरी पिलांना पोत्यात घालून वेशीबाहेर सोडून येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा जागी प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्यापेक्षा शस्त्रक्रिया अधिक उपयोगी. जी पिले जन्मालाच आली नाहीत, त्यांच्यासाठी पोते लागत नाही.

गोणीची शस्त्रक्रिया गेल्या जानेवारीत झाली. आईने त्या दिवशी शिवणकाम बंद ठेवले आणि दवाखान्याच्या पायरीवर ती माझ्याबरोबर बसून राहिली. "दोन दिवस ठेवा" या शब्दांची आठवण मी तिला करून दिली नाही.

अजूनही आठवड्यातून दोनदा गठ्ठा येतो. आई आता शिवायला बसण्याआधी गठ्ठ्यातले प्रत्येक पोते हाताने चाचपते आणि कोणाचे तोंड बांधलेले आहे का, ते पाहते. ज्या पोत्यातून गोणी आली ते पोते परत गेलेच नाही. चुलीजवळच्या कोपऱ्यात त्याची चौघडी घातलेली आहे आणि गोणी तिच्यावर झोपते. त्या आठवड्याच्या हिशेबात एक पोते कमी भरले, तेव्हा वडिलांनी व्यापाऱ्याला सांगितले की ते शिवण्याच्या पलीकडे फाटले होते, आणि त्याचे पैसे आपल्या मजुरीतून कापून घ्यायला लावले.